सावलीतला पंप

आमच्या घरातले नळ दिवेलागणीला बंद होतात. म्हणजे ते बंदच असतात, बाबा ते आणखी बंद करतात. आधी स्वयंपाकघरातला, मग बेसिनचा, मग न्हाणीघरातले दोन्ही आणि शेवटी गॅलरीत कुंड्यांजवळ असलेला. ऐंशीच्या घरातल्या माणसाच्या मनगटात एवढा जोर कुठून येतो देव जाणे. सकाळी दात घासायला उभ्या राहिलेल्या माझ्या नवऱ्याला ब्रशबरोबर पान्हाही घ्यावा लागतो. सुकापूरच्या आमच्या सोसायटीतला प्लंबर आता चहाला न बोलावता येतो.

नळ झाले की बाबा गॅलरीतल्या खुर्चीत बसतात, दोन्ही हात मांडीवर ठेवतात आणि मला विचारतात, "बाय गो, मी वाल बंद केला व्हता काय?"

पहिल्यांदा मला वाटलं, गॅसच्या व्हॉल्व्हचं विचारताहेत. "हो, केला होतास," असं म्हणून मी भाजी चिरायला लागले. (बाबांना आम्ही तोंडावर अरे-तुरे करतो आणि पाठीमागे अहो-जाहो. गावाकडची सवय, सुटत नाही.) पण त्यांचं समाधान झालं नाही. ते उठले, दारापर्यंत गेले आणि चपला शोधायला लागले. कुठे निघालास म्हणून विचारलं तर म्हणाले, "क्वारीवर. पानी आत शिरत आसंल."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाबा ज्या खाणीबद्दल बोलत होते ती बुडून तीसेक वर्षं तरी झाली असतील.

बाबा पनवेलजवळच्या एका दगडखाणीत पंपवाले होते. आमची थोडी भातशेती होती, ती हळूहळू गेली, आणि बाबा खाणीवर लागले. बाकीचे लोक तिथे सुरुंग लावून काळा दगड फोडत, बाबा पाणी हाकलत. जमिनीत एवढं खोल गेल्यावर कातळातून पाणी पाझरतंच, पावसाळ्यात तर धो धो येतं. ते पंपानं उचलायचं, लांबलचक पायपातून कड्याच्या वर न्यायचं आणि पलीकडच्या ओढ्यातल्या डोहात सोडायचं. पंप थांबला तर खाली काम करणाऱ्यांचे पाय भिजतील, दोन दिवस थांबला तर यंत्रं बुडतील. बाबांच्या हातात खाण कधी बुडाली नाही. हे ते इतक्या वेळा सांगत की लहानपणी आम्ही भावंडं त्यांची नक्कल करायचो.

मग एका वर्षी मालकांनी खाण बंद केली. एका संध्याकाळी निरोप आला की पंप बंद करून घरी जा, उद्यापासून येऊ नका. बाबा पंप बंद करून घरी आले, जेवले आणि झोपले. पुढच्या पावसाळ्यात खाण भरायला लागली आणि काही वर्षांत तिचं तळं झालं. यात कोणाची चूक नव्हती, आणि बाबाही इतकी वर्षं ही हकिगत अशीच सांगत आले होते.

पण गेल्या वर्षापासून त्यांची आठवण विरत चाललीय. दुपारी काय जेवले ते संध्याकाळी आठवत नाही. आई गेली हे कधी आठवतं, कधी नाही, आणि नाही आठवलं की मी विषय बदलते. ती एक संध्याकाळ मात्र शाबूत राहिली आहे, आणि तिच्या मधोमध एक भोक पडलंय. पंप बंद केल्याचं त्यांना आठवतं, पायपावरचा वाल बंद केल्याचं आठवत नाही. वाल उघडा राहिला असेल तर ओढ्यातलं पाणी त्याच पायपातून उलटं खाली आलं असणार. म्हणजे खाण पावसानं नाही बुडाली, आपल्या हातानं बुडाली. हे त्यांना आतून खात होतं, आणि रोज संध्याकाळी नव्यानं खात होतं.

माझा नवरा कळंबोलीच्या लोखंड बाजारात नोकरी करतो. पायप, वाल, पत्रे यांत त्याचं आयुष्य गेलंय. त्यानं एकदा बाबांना नीट समोर बसवून समजावलं की एवढ्या मोठ्या खड्ड्यापुढे एका पायपाचं पाणी म्हणजे किस झाड की पत्ती, आणि शिवाय उन्हाळ्यात ओढा आटतो. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाले, "जावईबापू, तुमी बोलता ते खरा हाय. पन मी वाल बंद केला व्हता काय?"

आता गंमत अशी की ज्या पाण्याची बाबांना एवढी धास्ती, त्याच पाण्यात मी थंडीच्या दिवसांत दर रविवारी उतरत होते. आणि बाबांना याचा पत्ता नव्हता.

ते असं झालं. आमच्या ऑफिसची सहल मालवणला गेली होती. तिथे पर्यटकांना नळकांडं बांधून समुद्रात खाली नेतात, मासे दाखवतात, फोटो काढतात आणि वर आणतात. सगळे वर येऊन मासे, मासे म्हणून नाचत होते. मी वर आले आणि परत पाण्याकडेच बघत बसले. मला वर यायचंच नव्हतं. खाली आपलाच श्वास आपल्याला ऐकू येतो, आणि दुसरं कोणी काही विचारत नाही. पन्नाशीच्या बाईला यापेक्षा मोठी चैन कोणती असणार? पुढे कळलं की आपल्याच पनवेलजवळ एक तरुण डायव्हिंग शिकवतो. आपल्याकडच्या समुद्रात गाळामुळे स्वतःचा हात दिसत नाही, म्हणून तो हिवाळ्यात परवानगी काढून एका बुडालेल्या खाणीत शिकवतो. कुठल्या खाणीत, हे फोनवर विचारलं तर ती बाबांचीच खाण निघाली, आणि मी तिथल्या तिथे नाव घातलं.

तो मला काकू म्हणतो आणि मी त्याला सर म्हणते. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नाही.

रबराचा तो जाड पोशाख अंगात चढवणं म्हणजे लहान अभ्र्यात मोठी उशी कोंबणं. मी पहिल्यांदा त्यात अडकले तेव्हा सरांच्या दोन विद्यार्थिनींनी मला दोन बाजूंनी धरून उचलून खाली आपटलं, पोत्यातलं धान्य बसवतात तसं. त्यावर कमरेला शिशाचा पट्टा, पाठीवर हवेचं नळकांडं आणि पायात ती लांब वल्ही. काठावर मी बदकीण दिसत असणार. पण पाण्यात पडलं की सगळं वजन कुणीतरी काढून घेतं.

पनवेलच्या माणसाची थंडी म्हणजे डिसेंबरात पंखा एकवर करणं. त्यामुळे या पाण्यानं मला आधी धक्काच दिला. वरचं पाणी उन्हानं बरं असतं. त्यातून हळूहळू खाली जावं, आणि एका ठिकाणी थंडी सुरू होते. हळूहळू नाही, एकदम. शेजारच्या खोलीचा दरवाजा उघडा असावा आणि आपण उंबरा ओलांडावा तशी. पाय थंडीत आणि डोकं उबेत, असं मी कितीदा तरी मुद्दाम तरंगत राहिले आहे. त्या उंबऱ्याच्या खाली पाणी जास्त स्वच्छ आणि जास्त हिरवं असतं. कड्यांच्या अंगावर सुरुंगांच्या भोकांच्या अर्ध्या पन्हाळी वरून खालपर्यंत दिसतात. त्यांच्यावर बोट फिरवत खाली जायचं. वर ट्रक, क्रेन आणि नव्या विमानतळाकडे उतरणारी विमानं. खाली फक्त बुडबुडे, आणि मधूनच कुठूनसा आलेला चिलापी मासा, जो आपल्याकडे ओळखीनं बघतो.

खरं तर मी तिथे नवखी नव्हतेच. दसऱ्याला खाणीतल्या यंत्रांची पूजा व्हायची, आणि त्या एका दिवशी बायका-मुलांना खाली जाऊ देत. बाबा पंपाला झेंडूची माळ घालत, हळदकुंकू लावत आणि आम्हाला खोबरं वाटत. खाली उभं राहून वर बघितलं की चहूबाजूंनी काळे कडे आणि मधे आभाळाचा तुकडा दिसायचा. मला भीती वाटायची म्हणून मी बाबांचं बोट सोडत नसे. त्याच जमिनीवर मी आता वरून, पाय न टेकता येत होते.

तर बाबांचा प्रश्न सुरू झाल्यावर काही दिवसांनी मला सुचलं, अगदी साधं सुचलं, की जाऊन बघावं. पंप तिथंच असेल तर वालही तिथंच असेल. उघडा का बंद, ते डोळ्यांनी बघून सांगता येईल. समजुतीचं बोलणं बाबांना पुरत नव्हतं, बघितलेलं कदाचित पुरेल.

नवऱ्यानं कळंबोलीहून भंगारातला एक जुना वाल आणला आणि दिवाणखान्यातल्या टीपॉयवर ठेवला. टीपॉयच्या काचेला तडा गेला, त्याबद्दल आम्ही नंतर भांडलो. बाबा जवळ आले. त्यांनी त्या लोखंडी चाकावर हात ठेवला आणि त्यांचा चेहरा बदलला. चाक फिरवलं तसा मधला आट्यांचा दांडा चाकातून वर वर आला. उलटं फिरवलं तसा खाली गेला.

"दांडा वर तर वाल उघडा," बाबा म्हणाले. "दांडा खाली तर बंद. डोळं मिटून हात लाव, कळंल."

मी डोळे मिटून हात लावला. ते फिरवत राहिले आणि मी सांगत राहिले, उघडा, बंद, थोडा उघडा. खूप दिवसांनी आम्ही दोघं काहीतरी खेळत होतो.

"बाबा, पंप कुठे होता?"

"सावलीत."

"कुठल्या सावलीत?"

"चायच्या." आणि जणू एवढ्यानं सगळं सांगून झालं, असं म्हणून ते नळ बंद करायला गेले.

पुढचे काही रविवार आम्ही शोधलं. एकटं उतरायचं नाही असा नियम आहे, त्यामुळे सर नेहमी बरोबर. ते पाण्यात काकू म्हणू शकत नाहीत, फक्त बोटांचा गोल करून विचारतात, ठीक? मी गोल करून सांगते, ठीक. टायर सापडले, एक गंजलेलं घमेलं सापडलं, एका माणसाचा एकच बूट सापडला, त्यात एक छोटा खेकडा राहत होता. पंप नाही. तळाशी पीठ चाळून पसरल्यासारखा गाळ आहे. वल्ह्याचा एक फटका चुकला तर तो सगळा उठतो आणि मग काहीच दिसत नाही. अशा वेळी श्वास मोजत जागेवर थांबायचं. त्या धुरळ्यात थांबले असताना मला घरी बसलेले बाबा दिसत. त्यांच्याही डोक्यात असंच काहीसं झालं असेल, असं वाटे. चांगलं बसलेलं असतं, कुणीतरी पाय हलवतं आणि सगळं उठतं.

काठावर अंग पुसताना सर एकदा म्हणाले, "काकू, वाईट नका वाटून घेऊ. पण लोखंड आहे ते. पाणी भरायच्या आधीच भंगारवाल्यांनी नेलं असेल."

हे माझ्याही मनात आलं होतं. आमच्या भागात रस्त्यावरचं गटाराचं झाकण आठवडाभर टिकत नाही, तिथे अख्खा पंप कोण सोडणार? आणि पंप गेला असेल तर बाबांच्या प्रश्नाला उत्तरच राहिलं नव्हतं. ते शेवटपर्यंत रोज विचारणार आणि मी शेवटपर्यंत रोज थाप मारणार. मला थापा मारता येत नाहीत असं नाही, ऑफिसात मी उत्तम मारते. पण बाबा बोलताना माझ्या तोंडाकडे बघत, पंपाच्या आवाजाकडे कान देत तसं. त्यांना कळायचं.

चहाच्या सावलीचा उलगडा मला भांडी घासताना झाला. दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऊन सरळ बेसिनवर येतं आणि चहाच्या वेळेला समोरच्या इमारतीची सावली ते झाकते. मी हातातलं पातेलं तसंच ठेवलं. बाबांनी पंप अशा जागी बसवून घेतला असणार, जिथे दुपारच्या चहाच्या वेळी कड्याची सावली पहिल्यांदा पोहोचते. मोटर तापू नये म्हणून. आणि स्वतःही तापू नये म्हणून, तेवढे ते चतुर होतेच. आम्ही मात्र दर रविवारी सकाळी उतरत होतो आणि तेव्हा सावली असेल तिथे शोधत होतो. सकाळची सावली समोरच्या कड्याची, भलत्याच बाजूची.

दुपारनंतर सर उतरत नाहीत, त्यांचे विद्यार्थी मुंबईला परतायच्या घाईत असतात. मी त्यांना वर आल्यावर तांदळाची भाकरी आणि सुक्या मासळीचं, वाकट्यांचं कालवण देण्याचं कबूल केलं. ते कालवणाला भुलले असं म्हणायला मला आवडतं. पण ते मला नाही म्हणू शकले नाहीत, एवढंच.

त्या दुपारी तळ्यावर कोणी नव्हतं. पश्चिमेच्या कड्यावर सूर्य टेकायला आला होता. आम्ही पाण्यात शिरलो, थंडीचा उंबरा ओलांडला, आणि मी जे बघितलं ते मला अजून कधी कधी झोपेत दिसतं. पाण्याचे दोन भाग झाले होते. एका बाजूला ऊन तिरपं आत आलं होतं, पिवळसर हिरवं, त्यात गाळाचे कण तरंगत होते. दुसऱ्या बाजूला सावली. आणि दोन्हींच्या मधे सरळ तिरकी कड, कापडाला पाडलेल्या घडीसारखी. ती कड हळूहळू, अगदी हळूहळू पुढे सरकत होती. मी तिच्याबरोबर पोहत राहिले. माझा डावा हात उन्हात होता आणि उजवा सावलीत. किती वेळ गेला कळलं नाही. घाई करावी असं एकदाही वाटलं नाही. बाबांचं बोट धरून चालल्यासारखं वाटत होतं.

आधी पायप दिसला. कड्याच्या अंगाला टेकून वरून खाली येत होता, शेवाळानं इतका भरलेला की लांबून तो कातळाचाच भाग वाटला असता. त्याच्यावर हात ठेवून मी खाली उतरले. खाणीच्या एका रुंद टप्प्यावर सिमेंटचा चौथरा होता आणि चौथऱ्यावर पंप बसला होता. भंगारवाल्यांना तो एवढ्या वर चढवून न्यायचा कंटाळा आला असेल, किंवा पाणी त्यांच्या आधी पोहोचलं असेल. सावली नुकतीच त्याच्यावर आली होती.

वालचं चाक शेवाळाच्या गोंड्यांनी झाकलेलं होतं. मी हात पुढे केला आणि थांबले. मला एकदम भीती वाटली. आतापर्यंत फक्त पंप सापडतो की नाही याचीच काळजी होती. दांडा वर असला तर काय करायचं, याचा मी विचारच केला नव्हता. घरी जाऊन काय सांगायचं? सरांनी बोटांचा गोल केला. ठीक?

मग मी डोळे मिटले आणि चाकाच्या मधोमध हात ठेवला.

दांडा खाली होता. जेवढा खाली असायला हवा तेवढा. मी पुन्हा पुन्हा चाचपलं, शेवाळ खरवडलं, सरांनी बॅटरी धरली आणि आम्ही दोघांनी बघितलं. वाल बंद होता, पुरता बंद. नोकरी गेली असं ज्या संध्याकाळी कळलं त्या संध्याकाळीसुद्धा बाबांनी चाक शेवटपर्यंत फिरवलं होतं आणि मगच ते घरी जेवायला आले होते. मास्कमध्ये रडू नये, असं सरांनी शिकवलेलं नाही, पण रडू नये, कारण नाक पुसायची सोय नसते. मी रडले. वर बघितलं तर चहूबाजूंनी काळे कडे आणि मधे आभाळाचा तोच तुकडा होता, फक्त आता तो हलत होता.

त्या संध्याकाळी बाबांनी नळ बंद केले, खुर्चीत बसले आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच म्हटलं, "बाबा, मी खाणीत जाऊन आले. वाल बंद आहे."

"तू गेली व्हतीस? खाली?"

"खाली. हात लावून बघितला."

"दांडा?"

"खाली. पुरता खाली."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की मला वाटलं, पाण्याखाली असते तर केवढे बुडबुडे निघाले असते. "मंग ठीक हाय," ते म्हणाले, आणि पोटभर जेवले. मी नवऱ्याला म्हटलं, संपलं एकदाचं. प्लंबरची सवय मोडायला लागेल.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला बाबांनी नळ बंद केले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "बाय गो, मी वाल बंद केला व्हता काय?"

मला राग आला. खोटं कशाला सांगू, भयंकर राग आला. एवढे रविवार, ती थंडी, तो गाळ, ते कालवण, सगळं पाण्यात गेलं होतं. मी काहीतरी तोडून बोलले आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. बाबा दाराशी जाऊन चपला शोधायला लागले. नवरा माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "अगं, तू बघून आलीयस ना? मग सांग की परत. त्यात काय?"

त्यात काय, खरंच. काल सांगितलेलं त्यांच्यापाशी उरलं नव्हतं, पण माझ्यापाशी तर होतं. मी बाबांना चपलांपासून परत आणलं, खुर्चीत बसवलं, त्यांच्यासमोर खाली बसले आणि पहिल्यापासून सांगितलं. काठावरून कशी उतरले, वरचं पाणी कसं ऊबदार होतं, मग थंडीचा उंबरा, मग सावलीची कड. पंप कसा सावलीत बसला होता. दांडा खाली. "मंग ठीक हाय," बाबा म्हणाले.

तेव्हापासून मी रोज संध्याकाळी खाली जाते. बसल्या जागी, गॅलरीत, खालच्या रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न वाजत असताना. आता मला त्याची सवय झालीय, आणि खरं सांगायचं तर ओढही लागलीय. कधी मी बुटातल्या खेकड्याचं सांगते. कधी पन्हाळींचं सांगते, तेव्हा बाबा ती भोकं कुणी पाडली होती आणि तो कसा तोतरा होता ते सांगतात. कधी त्यांच्या डोक्यातली खाण कोरडी असते आणि मी पाण्याचं सांगायला लागले की ते हसतात. "क्वारीत पानी कुठला? मी हाय ना." अशा दिवशी मी पाणी वगळते आणि पायऱ्यापायऱ्यांनी चालत खाली जाते, दसऱ्याला जायचे तशी. गेले काही आठवडे मी कोण आहे हेही त्यांना नक्की ठाऊक नसतं. बाय म्हणतात, पण बाय तर ते समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनाही म्हणतात. एवढं मात्र त्यांना कळतं, की ही बाई रोज खाली जाऊन येते आणि हिला विचारलं की खरं सांगते.

परवाची गोष्ट. मे महिना, वारा पडलेला, पंखा पाचवर आणि तरी पाठीवरून घामाच्या धारा. उकाड्यानं माझं डोकं उठलं होतं, तरी बसले आणि सांगायला लागले. उतरले, उंबरा ओलांडला, कडेकडेनं गेले, पायप धरला, वालावर हात ठेवला. दांडा खाली आहे बाबा, पुरता खाली. आता ते ठीक हाय म्हणतील आणि मी उठून कुकर लावीन, म्हणून मी गुडघ्यावर हात टेकले.

बाबा ठीक हाय म्हणाले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते.

"लय थंड व्हता ना गो पानी?" त्यांनी विचारलं.

मी काही बोलायच्या आत त्यांनी माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि चोळायला लागले. जोरात, बोटांच्या टोकांपासून मनगटापर्यंत, लहान मूल पावसात भिजून आलं की चोळतात तसे. त्यांचे तळवे अजून खरखरीत आहेत. "एवढ्या खाली कशाला गेलीस एकटी," ते पुटपुटत होते, "मला बोलवायचास नाय काय?"

माझ्या कपाळावरून घाम ओघळून डोळ्यांत जात होता. हो बाबा, फार थंडी वाजली, असं मी म्हटलं, आणि हात तसेच त्यांच्या हातांत राहू दिले.